पाणी उतरू दे

रविवार

आज कपाटावरचं हायड्रोपोनिक्सचं, म्हणजे मातीशिवाय खताच्या पाण्यात रोपं वाढवायच्या सामानाचं, खोकं खाली काढलं. सात वर्षं त्याला हात लावला नव्हता. आत सगळं होतं तसंच: एकात एक घातलेले जाळीच्या पेल्यांसारखे नेट पॉट, काळ्या नळ्यांची वेटोळी, पाण्याचा आंबटपणा मोजणारा पीएच मीटर, वही आणि अगदी तळाशी तो पंप. पंप हातात घेतला आणि तसाच परत ठेवून दिला.

कॅल्शियम नायट्रेटची पिशवी मी नीट बांधलेली नव्हती. हवेतला ओलावा ओढून त्याचा दगड झालाय, एका कोपऱ्यात तर चिकट पाकच. मॅग्नेशियम सल्फेट मात्र ठणठणीत. पीएच मीटरच्या टोकाचा काचेचा फुगा पार सुकलेला, भोवती पांढरे क्षार जमलेले. रात्रभर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात बुडवून ठेवलाय. बघू.

मग वही घेऊन बसले. एका पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘लेट्यूस, ८००, फार छान’. पण ८०० म्हणजे नेमकं किती? पाणी वीज किती वाहून नेतं तो आकडा म्हणजे ईसी, त्यावरून विरघळलेल्या खताचा अंदाज येतो. पीपीएम मीटर तोच आकडा आपापल्या हिशेबाने बदलून दाखवतो: ईसी १.० असलेल्या त्याच पाण्याला एक मीटर ५०० म्हणतो, दुसरा ७००. तो जुना पीपीएम मीटर कधीच गेला. म्हणजे माझा ‘फार छान’ आकडा ईसी १.६ होता की जेमतेम १.१, हे आता कळायला मार्ग नाही. यापुढे वहीत फक्त ईसी लिहायचा.

मंगळवार

पीएच मीटरही गेला. बफर, म्हणजे ठरलेल्या पीएचचं तपासणीचं द्रावण. ७ च्या बफरमध्ये ७ दाखवतो, ४ च्या बफरमध्ये ४.८ वर अडकून बसतो. असला मीटर नसलेलाच बरा. तूर्त पाण्यात पीएच दाखवणाऱ्या औषधाचे थेंब टाकून रंग बघायचा. पाणी पिवळं झालं की पीएच साधारण ६, लेट्यूसला तेवढं पुरतं. ५.५ ते ६.५ च्या मध्ये राहिलं की झालं. त्याच्या बरंच वर गेलं की लोह पाण्यात असूनही मुळांच्या हाती लागत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ते पान मला झोपेतसुद्धा ओळखता येईल.

वहीच्या शेवटच्या पानावर नुसती तारीख आहे. त्या दिवशी काय झालं ते मी तेव्हा लिहिलं नव्हतं, आज लिहिते.

तेव्हा माझ्याकडे एनएफटीची (न्यूट्रिएंट फिल्म टेक्निक) मांडणी होती. उताराच्या नळ्यांमधून पाण्याचा पातळ थर सतत वाहतो, मुळं त्यावर पसरतात, त्यांना खालून पाणी मिळतं आणि वरून हवा. अ‍ॅलन कूपर यांनी इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकात ही पद्धत विकसित केली. आजही मला ती देखणी वाटते. पण तिच्यात साठा म्हणून काही नसतो. पंप थांबला की सगळं थांबलं. मी त्या पंपाच्या घुंईऽऽ आवाजावर झोपायचे आणि तो थांबला की दचकून जागी व्हायचे. त्या दिवशी दुपारी मी घरात नव्हते. मुळांचा एक पुंजका पंपाच्या तोंडाशी अडकला. संध्याकाळी दार उघडलं आणि शांतता ऐकू आली. चाळीस रोपं नळ्यांवर आडवी पडली होती. मुळं दोऱ्यांसारखी वाळून नळीच्या तळाला चिकटली होती. ती मी नखाने सोडवली, एकेक करून.

त्यानंतर सात वर्षं काहीच नाही.

शनिवार

या वेळी पंप नाही. अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅट्की यांची पद्धत करायची ठरवलीय. डबा एकदाच द्रावणाने भरायचा, नेट पॉटचं बूड जेमतेम भिजेल इतका, आणि मग सोडून द्यायचा. रोप पाणी पितं, पातळी उतरते. वर जी दमट पोकळी तयार होते तिच्यात मुळांचा वरचा भाग हवेवर जगतो, खालचा पाण्यात. वीज नाही, आवाज नाही.

चार-चार लिटरचे सहा डबे घेतले. शेवाळ नको म्हणून बाहेरून काळा कागद गुंडाळला. कॅल्शियम नायट्रेट नवं आणलं. द्रावण करताना हातांनी आपणहून क्रम धरला: कॅल्शियमची बाटली वेगळी, सल्फेट आणि फॉस्फेटची वेगळी, आणि एक पाण्यात पूर्ण मिसळल्याशिवाय दुसरी उघडायची नाही. दाट अवस्थेत ती दोन्ही एकत्र आली की जिप्समचा पांढरा साका बसतो. तो साका मी पहिल्यांदा पाहिला होता तेव्हा बादलीत दूध सांडलंय असं वाटलं होतं. आकडे विसरले, पण हे विसरले नव्हते. फार बरं वाटलं.

जुनं बी मात्र गेलंच म्हणायचं. तीस दाण्यांतले दोन उगवले. नवं पेरलं, नुसतं वर ठेवून, कारण लेट्यूसला उगवायला उजेड लागतो.

बुधवार, रोपं डब्यांत लावून तीन आठवडे

आज जे केलं ते लिहिताना वाईट वाटतंय.

परवा झाकण उचललं तर पाणी बोटभर खाली गेलेलं, आणि मधल्या पोकळीत लोंबणारी पांढरी मुळं, त्यांच्यावर मखमलीसारखी लव. किती सुंदर दिसत होती! पण मला मात्र दिसली ती सात वर्षांपूर्वीची नळी. मी द्रावण आणलं आणि डबे काठोकाठ भरत सुटले. चार भरून झाले आणि बाटली संपली.

आज ती चार रोपं माना टाकून उभी आहेत. गळ्यापर्यंत पाणी आहे आणि पानं कोमेजलेली. न भरलेले दोन डबे टवटवीत. वरची मुळं हवेची झालेली असतात, त्यांना बुडवलं की गुदमरतात. पाण्यात हवा असते तरी किती? २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन, ३० अंशांना साडेसातच. साचलेल्या पाण्यात तोही मुळं लवकर संपवतात. हे मला पाठ होतं. भरताना आठवलं नाही.

लगेच चारही डब्यांतलं पाणी काढून पातळी पूर्वीच्या जागी आणली.

रविवार

तीन रोपं सावरली. चौथं गेलं. त्याची वरची मुळं तपकिरी, हातात घेतली तर साल निघून आत नुसता तंतू उरत होता. डबा धुऊन पालथा घातलाय.

उरलेल्या पाच डब्यांच्या कागदाला उभी चीर पाडली. रोज रात्री तेवढीच फट उघडून पातळीवर पेन्सिलीने रेघ मारायची, पुन्हा झाकायची. आतल्या पानांच्या कडा करपू नयेत म्हणून छोटा पंखा लावलाय. हवा हलली की पान पाणी जास्त ओढतं आणि त्याबरोबर कॅल्शियम कोवळ्या पानापर्यंत पोहोचतं.

मुलीने वाकून पाहिलं. “आई, पाणी अर्ध्यावर आलंय. घालू का?”

“नको. उतरू दे.”

ती झोपायला गेल्यावर पुन्हा एकदा झाकण उचललं. मुळांवर बारीक थेंब होते, वास ओल्या गवतासारखा. नवी रेघ मारली, कालच्या रेघेच्या खाली, जवळजवळ नखाएवढ्या अंतरावर. पंखा बंद करून थोडा वेळ अंधारात उभी राहिले. कसलाच आवाज नव्हता. मग मीही झोपायला गेले.