भिंतीवरची रेघ

आज संकेश्वरला आत्याच्या घरी चुन्याचे दोन हात देऊनही २०१९ च्या ऑगस्टमधल्या हिरण्यकेशीच्या पुराची मातकट रेघ पुन्हा वर आली. "भिंतच पाणी प्यालीय," आत्या म्हणाली. संध्याकाळी इंग्लंडमधल्या कार्लाइलहून भावाचा फोन आला, तेव्हा तिकडच्या हिवाळी पुराची गोष्ट निघाली. डिसेंबर २०१५ च्या डेस्मंड वादळात तिथल्या डोंगराळ भागात २४ तासांत ३४१ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि ईडन नदी शहरात शिरली. हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणूनच माणसाने जाळलेल्या कोळशाचा आणि तेलाचा हिशेब तिकडच्या वादळालाही लागतो आणि आपल्या मोसमी पावसालाही. आपल्याकडे पूर आला की लोक धरणाच्या दारांना दोष देतात, पण सगळे खापर त्यांच्यावर फोडणे मला तरी पटत नाही. भावाच्या घरातही तशीच रेघ आहे म्हणे, फक्त वॉलपेपरखाली.