सूचना वहीतली सही

"मॅडम, सही."

कॉलेजच्या शिपाई मामांनी सूचना वही टेबलावर ठेवली. 5 सप्टेंबरला शिक्षक दिन. 24 ला राष्ट्रीय सेवा योजना दिन. 1969 मध्ये याच तारखेला योजना सुरू झाली. शिवाय प्राध्यापक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी संगणक प्रशिक्षण. खाली सगळ्यांची नावं.

"मामा, तुमचं नाव कुठंय?"

"मीच तर वही फिरवतो. मला कळतंच की."

दिवसभर तेच डोक्यात. मुळात 'शिक्षकेतर' म्हणजे शिक्षक नसलेले. माणसाला तो काय नाही यावरून का ओळखायचं? आणि त्या यादीतही मामा नाहीत!

संध्याकाळी शेवटच्या ओळीत मी त्यांचं नाव लिहिलं. त्यांनी हात शर्टाला पुसला, चष्मा लावला आणि सावकाश पूर्ण नावाची सही केली.

तुमच्या कॉलेजच्या वहीत मामांचं नाव असतं का?