कुशनला चिकटलेला बॉल पॉकेटमध्ये का जात नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सोलापुरात पूल (टेबलावर क्यू म्हणजे काठीने बॉल पॉकेटमध्ये घालायचा खेळ) शिकणारे बहुतेक जण थोड्याफार फरकाने हेच विचारतात. टेबलाच्या मधले बॉल बऱ्यापैकी जातात, पण कुशनला, म्हणजे टेबलाच्या कडेच्या रबरी पट्टीला, लागून असलेला बॉल कोपऱ्याच्या पॉकेटच्या तोंडाशी दोन्ही जॉमध्ये (तोंडाच्या दोन कडांमध्ये) खडखडतो आणि बाहेर येतो. मग नेमाला दोष दिला जातो. माझ्या मते बहुतेक वेळा आधी वेग चुकलेला असतो, आणि त्यानंतर नजर.

इथल्या पुष्कळ मुलांचा हात आधी कॅरमवर बसलेला असतो. कॅरममध्ये स्ट्रायकर 15 ग्रॅमपर्यंतचा आणि सोंगटी साधारण साडेपाच ग्रॅमची. बॉर्डर लाकडाची, ती दबत नाही. त्यामुळे बॉर्डरची सोंगटी जोरात मारली तरी खपून जातं. पूलमध्ये क्यूने मारायचा पांढरा बॉल आणि समोरचा बॉल जवळपास सारख्याच वजनाचे असतात आणि कुशन रबराचं. रबर दबतं आणि बॉल परत फेकतं. जितका जोर जास्त, तितका हा धक्का मोठा.

पॉकेटमध्ये जागा किती असते ते आधी पाहू. कोपऱ्याच्या पॉकेटचं तोंड साडेचार इंच धरलं, तर कुशनला घासत येणाऱ्या 57 मिमीच्या बॉलला पलीकडच्या जॉपासून साधारण 24 मिमी मोकळी जागा राहते. आठ फुटी टेबलावर कुशनमागच्या लाकडावरच्या दोन खुणांमध्ये 11 इंच अंतर असतं. कोपऱ्यापासून दुसऱ्या खुणेशी असलेला बॉल कुशनपासून अडीच अंशांहून थोडा जास्त बाजूला वळला, की तो पलीकडच्या जॉवर आदळतो. सावकाश आलेला बॉल जॉला लागूनही आत पडतो, जोरात आलेला बाहेर फेकला जातो. तोच बॉल, तोच नेम, तरी एक जातो आणि एक राहतो, त्याचं कारण हे.

आता नेम. बॉल कुशनला चिकटलेला असेल तर पांढऱ्याने कुशनला आणि बॉलला एकाच क्षणी लागायला हवं. म्हणून बॉलकडे पाहून नेम धरू नका. त्याच्या मागे, कुशनला टेकवून, आणखी एक बॉल आहे असं समजा आणि पांढरा नेमका त्या जागी पाठवा. सरावात तिथे खरोखरच एक बॉल ठेवा, त्याची जागा नीट पाहून घ्या, मग उचला. त्या बॉलचा मध्य कुशनच्या धारेपासून जवळपास 28 मिमीवर असतो. डोळ्याला ही जागा वाटते त्याहून मागे असते, म्हणूनच बहुतेकांचा पांढरा आधी बॉलला लागतो.

तसं झालं की समोरचा बॉल कुशनमध्ये दाबला जातो आणि तिथून बाहेर उसळतो. याला जाड लागणं म्हणतात. त्यात दोन बॉलमधल्या घर्षणाची भर पडते, कारण तेही समोरच्या बॉलला कुशनकडेच ढकलतं. पांढरा कुशनला जरासा आधी लागला तर मात्र फारसं बिघडत नाही. रबर दबलेलं असतानाच तो बॉलला जाऊन भिडतो. फारच आधी लागला तर पांढरा कुशनवरून बाहेर वळतो आणि बॉलला नुसता घासून जातो. शंका असेल तेव्हा चूक कुशनच्या बाजूला होऊ द्या, बॉलच्या बाजूला नको.

मारताना पांढऱ्याच्या मध्यावर, किंवा टिपच्या (क्यूच्या टोकाच्या) अर्ध्या रुंदीइतकं वर मारा. लोळत आलेला पांढरा घर्षणाने समोरच्या बॉलला कुशनकडे कमी ढकलतो, सरपटत आलेला जास्त. वेग इतकाच ठेवा की वाटेत पॉकेट नसतं तर बॉल आणखी दीड-दोन फूट गेला असता. साइडचा, म्हणजे पांढऱ्याच्या डाव्या-उजव्या बाजूला मारून फिरकी देण्याचा, मोह सुरुवातीला टाळा. पुढे कट (समोरचा बॉल पांढऱ्याच्या रेषेपासून वळवायचा कोन) मोठा असेल तेव्हा पॉकेटच्या बाजूची थोडी साइड उपयोगी पडते. ती लावली की पांढरा कुशनवरून फार उघडत नाही, कुशनलगत पुढे सरकतो. पण साइड लावताना क्यूची रेषाही थोडी बदलावी लागते, आणि ते जमल्याशिवाय फायद्याहून तोटा मोठा.

बॉल कुशनपासून पाच-दहा मिमी सुटा असेल तर हे सगळं लागू होत नाही. तिथे दोघांना एकदम लागण्याचा प्रश्नच नाही. साधा कट समजा, जवळच्या जॉला न लागता आत जाईल अशी पलीकडच्या जॉकडची रेषा धरा आणि हळू मारा.

पांढराही कुशनला चिकटलेला असेल तर वेगळी अडचण येते. कुशनची धार सुमारे 36 मिमी उंच असते, त्यामुळे पांढऱ्याचा वरचा 21 मिमी भागच क्यूला मिळतो. क्यू जमेल तितका आडवा ठेवा. बोटं कुशनच्या लाकडावर टेकवा आणि क्यू तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधून सरकू द्या. मागे फार खेचू नका, सहा इंच पुरे. इथे फटका वरच बसणार, म्हणून सरळ रेषेतल्या शॉटला पांढरा मागोमाग पॉकेटमध्ये जाऊ शकतो. वेग अगदी मोजका हवा.

सरावासाठी बॉल कोपऱ्यापासून दुसऱ्या खुणेवर चिकटवून ठेवा. पांढरा त्याच्या दोन खुणा मागे आणि कुशनपासून एक खूण आत. हा कट साधारण 27 अंशांचा होतो. तो बसला की पांढरा कुशनपासून दोन खुणा आत घ्या, मग तो 45 अंशांचा होतो. उजव्या कुशनवर जमलं म्हणून डाव्यावर जमेल असं समजू नका, डोळा वेगळा पडतो. आवाजही ऐका. नीट लागला तर एकच टक्कर ऐकू येते, चुकला तर दोन.

टेबलाचीही दखल घ्या. उन्हाळ्यात कूलरचा वारा थेट टेबलावर येत असेल तर कापड ओलसर होऊन मंद चालतं, आणि नेहमीचा वेग कमी पडतो. आपल्याकडची धूळ आणि चॉक (टिपला लावायची खडूची पूड) बॉलवर साचले की घर्षण वाढतं आणि कट आणखी जाड जातो. खेळण्याआधी बॉल मऊ कोरड्या फडक्याने पुसा, आणि कुशनच्या धारेखाली साचलेला चॉक ब्रशने काढून टाका.