पौष शुद्ध एकादशी, रात्री ११ घटिका

"सर, आज जुम्मा आहे."

गाडी बऱ्हाणपुरात शिरत होती. मागच्या बाकावरून आमचा तडवींचा पोरगा हे म्हणाला आणि माझ्या पोटात धस्स झालं. तीन आठवडे मी या सहलीची आखणी करत होतो. तारीख मुद्दाम ५ जानेवारी २०२४ धरली होती, कारण तिथल्या मशिदीतला जो शिलालेख मुलांना दाखवायचा होता त्याची तारीख जुन्या युरोपीय (ज्युलियन) कालगणनेनं ५ जानेवारी १५९० येते. तिथी जुळणार नव्हती, निदान तारीख तरी जुळावी. आणि वार बघायचाच राहिला, शुक्रवार म्हणजे मशिदीत नमाजाची गर्दी. माझे वडील, आमचे अण्णा, पन्नास वर्षं पंचांग सांगत होते. त्यांच्या मुलानं वार विसरावा, हे मला फार लागलं.

मी रावेर तालुक्यातल्या एका शाळेत संस्कृत शिकवतो. दरवर्षी नववीच्या वर्गात पहिल्या आठवड्यात कुणी ना कुणी विचारतंच, "सर, संस्कृत वापरतात कुठं?" बरीच वर्षं मी "मार्क चांगले पडतात" असं उत्तर देत आलो. ते खोटं नाही, पण ते एका शिक्षकाचं उत्तर नव्हे. खरं उत्तर आमच्या गावापासून तासाभराच्या रस्त्यावर, एका मशिदीच्या भिंतीत आहे, हे मला कळलं तेव्हा माझी नोकरी अर्धी संपली होती. त्यानंतर मी दोनदा एकटाच जाऊन आलो. यंदा वर्गाला न्यायचं ठरवलं. परवानगीच्या वेळी एका वरिष्ठांनी विचारलं, "संस्कृतची सहल, आणि मशिदीत?" मी लेखाचा छापील पाठ त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि सही केली.

बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण खानदेशचा इतिहास त्याच्याशिवाय सांगताच येत नाही. फारुकी सुलतानांनी दोनशे वर्षं खानदेशावर राज्य केलं. सुरुवात थाळनेरला झाली, मग १४०० च्या आसपास नासिर खानानं तापीकाठी हे शहर वसवलं आणि खुलताबादच्या बुऱ्हानुद्दीन गरीब या सूफी संतांचं नाव त्याला दिलं. म्हणजे आमची राजधानी तिथं, आणि आमच्या मुलांना बऱ्हाणपूर माहीत कशासाठी, तर लग्नाच्या बस्त्यासाठी.

जामा मशिदीच्या दारावर अपेक्षेप्रमाणे सांगितलं गेलं, नमाज होऊ द्या, अडीचनंतर या. सांगणाऱ्यानं वर हेही म्हटलं की मुलं लांबून आलीत, आरामात बघा, कुणी घाई करणार नाही. मग मधले तीन तास काढायला आम्ही कुंडी भंडारा आणि राजा की छत्री उरकली.

कुंडी भंडाऱ्याबद्दल लिहायला बसलो तर निराळा लेख होईल. १६१५ सालचं काम. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, एका कुंडीतून दुसरीत, नुसत्या उतारावर शहरापर्यंत आणलेलं. हे ज्याच्या अमदानीत झालं तो अब्दुल रहीम खानखाना, म्हणजे मुलांच्या हिंदीच्या पुस्तकातल्या दोह्यांचा रहीम. एकीनं तिथंच 'रहिमन पानी राखिए' म्हणून दाखवलं. केळीवाल्यांच्या घरची पोरं, पाण्याची पातळी किती खाली गेली हे रोज जेवताना ऐकणारी. ती कुंडीच्या काठावरून बराच वेळ हलली नाहीत.

छत्री तापीच्या काठावर आहे. मिर्झाराजे जयसिंगांची. पुरंदरचा तह करणारे जयसिंग दोन वर्षांनी, १६६७ मध्ये, बऱ्हाणपुरात वारले, हे मुलांना नवीन होतं. खांबांवर पेललेली राजपूत छत्री, वर घुमट. तिथं डबे खाल्ले आणि निघालो.

तीन वाजता मशिदीत शिरलो. मुलींनी ओढण्या डोक्यावर घेतल्या. मोठं अंगण, समोर पंधरा कमानींची ओळ, दोन टोकांना दोन उंच मनोरे. आणि घुमट नाही. मशीद म्हटली की घुमट, असं चित्र मुलांच्या डोक्यात असतं, त्यामुळे कित्येकांनी आधी वरच बघितलं. आत दगडी खांबांच्या रांगा, कमानीतून कमान दिसत जाते. भिंतीतल्या मिहराबांवरची, म्हणजे कमानदार कोनाड्यांवरची, नक्षी बघून एक मुलगा म्हणाला, "सर, असं तं आपल्या चांगदेवच्या देवळातही हाये." चांगदेवचं देऊळ कितीतरी जुनं. पण त्याला जे दिसलं ते मी खोडलं नाही. दगड घडवणारे हात याच मुलखातले असणार, आणि हाताला जे वळण असतं ते मालक बदलला म्हणून बदलत नाही, असं माझं मत आहे.

लेख एका टोकाला आहे. वर अरबी, खाली नागरी लिपीत संस्कृत. मुलं पुढं सरसावली आणि तेवढ्याच वेगानं हिरमुसली, कारण काहीच लागेना. अक्षरं जवळजवळ, शब्द एकमेकांना चिकटलेले, दगड काळा. मी मोबाइलचा उजेड समोरून टाकला, तर अक्षरं अजूनच पुसट झाली. मशिदीची देखभाल करणारे एक वयस्कर खादिम हे बघत उभे होते. ते आत जाऊन मोठी बॅटरी घेऊन आले. "सामनेसे नहीं, बाजूसे," म्हणाले आणि बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरली. उजेड दगडावरून सरपटत गेला, अक्षराअक्षराला सावली फुटली आणि पहिली ओळ उठून दिसली. 'श्रीसृष्टिकर्त्रे नमः'. चौतीस मुलांनी एकदम वाचली. माझ्या अंगावर काटा आला.

त्यानंतर ते गृहस्थ पाऊण तास बॅटरी धरून उभे राहिले. हात बदलत होते, पण द्या म्हटलं तर देत नव्हते. उजेड नेमका कुठून टाकायचा ते त्यांनाच ठाऊक होतं.

पुढचा श्लोक असा: 'अव्यक्तं व्यापकं नित्यं गुणातीतं चिदात्मकम् । व्यक्तस्य कारणं वन्दे व्यक्ताव्यक्तं तमीश्वरम् ॥' मुलांकडून अन्वय लावून घेतला. डोळ्यांना न दिसणारा, सगळीकडे असणारा, गुणांच्या पलीकडचा, दिसणाऱ्या सगळ्याचं कारण असलेला ईश्वर. हा लेख रचणाऱ्या पंडितासमोर काय अडचण होती ते बघा. मशिदीच्या भिंतीवर देवाला नमस्कार घालायचा, तोही संस्कृतात, आणि एकही शब्द असा नको की बांधणाऱ्याला खटकेल. त्यानं नवा शब्द घडवला नाही. वेदान्तातले, आपल्या रोजच्या ओळखीचे शब्द उचलले आणि ते तंतोतंत बसले. हे निवडणारा माणूस दोन्ही बाजू आतून जाणणारा होता. त्याचं नाव मला माहीत असतं तर मी ते वर्गात लिहून ठेवलं असतं.

मग राजवंश. आकाशात चंद्र, सूर्य, तारे आहेत तोवर फारुकी वंश भूतलावर नांदो. मलिक राजा या पहिल्या फारुकीपासून सगळ्या पिढ्या. आणि बांधणारा 'एदलशाह'. एदल म्हणजे आदिल, इतिहासात राजा अली खान या नावानं ओळखला जाणारा आदिलशाह फारुकी. मुक्ताईनगरच्या बाजूच्या पोरांनी लगेच पकडलं, "सर, आपलं एदलाबाद!" मुक्ताईनगरचं जुनं नाव अजून घरोघर चालतं. मशिदीला लेखात शब्द आहे 'मसीति'. आमच्याकडच्या म्हाताऱ्या 'मसीद' म्हणतात, त्याच्या अगदी शेजारचा. आणि बांधली कशासाठी, तर 'स्वधर्मपालनार्थम्'. हा समास मुलांनी मला सोडवून दाखवला. स्वतःच्या धर्माचं पालन, त्यासाठी. गीतेतला 'स्वधर्म' त्यांना पाठ होता. तोच शब्द इथं भेटल्यावर कुणी काही बोललं नाही, मीही बोललो नाही.

आता तारीख. माझ्या दृष्टीनं लेखाचा हा गाभा आहे. संवत् १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध १०, सोमवार. मी सांगून टाकलं, "लिहून घ्या, पौष शुद्ध दशमी." आधीच्या दोन्ही खेपांना मी वहीत तेच लिहिलं होतं.

"सर, पुढं 'सहैकादश्यां' आहे ना?"

विचारणारी मुलगी वारकऱ्याच्या घरातली. "सह अधिक एकादश्यां. वृद्धिसंधी. तुम्ही मागच्या आठवड्यात घेतला तो. दशमी तेवीस घटीपर्यंत आणि मग एकादशी, असं असेल. आमची आजी नेहमी विचारते, एकादशी लागते कधी."

मी वाकून पुन्हा वाचलं. १० घटी २३ सहैकादश्यां तिथौ. तिचं बरोबर होतं. पंचांगकर्त्याच्या मुलानं दोनदा येऊन जे पाहिलं नाही ते तिनं पाहिलं, एकादशी या शब्दाला तिचा कान तयार होता म्हणून. मी तिथंच वहीतली दशमी खोडली आणि तिच्याकडून एकादशी लिहून घेतली.

मग आम्ही फरशीवर बसून हिशेब मांडला. एक घटिका म्हणजे २४ मिनिटं. दशमी २३ घटिका, म्हणजे सूर्योदयापासून ९ तास १२ मिनिटं. सुमारे सव्वाचारला ती संपली आणि एकादशी लागली. कृत्तिका नक्षत्र ३३ घटिका, म्हणजे रात्री आठच्या पुढं संपलं आणि रोहिणी लागली. आणि मशीद पूर्ण झाल्याची वेळ लेखात दिली आहे ती रात्र ११ घटिका गेल्यावरची, कन्या लग्नावर, म्हणजे पूर्वेला कन्या रास उगवत असताना. सूर्यास्तापासून ४ तास २४ मिनिटं. म्हणजे रात्रीचे दहा वाजून गेलेले. दिवसभर थांबून, तिथी बदलू देऊन, नक्षत्र बदलू देऊन, लग्न उगवल्यावर वेळ धरलेली. अण्णा लग्नाचा मुहूर्त काढायचे तो याच रीतीनं. पौषातली रात्र, तापीवरून येणारा गारठा, आणि मशिदीच्या अंगणात घटिका मोजत बसलेला कुणी जोशी. मला तो अगदी समोर दिसत होता.

एका मुलानं विचारलं, "चंद्रसूर्य असेपर्यंत म्हटलंय, मग फारुकी किती वर्षं टिकले?" लेखानंतर अकरा वर्षं. जानेवारी १६०१ मध्ये असीरगड पडला आणि खानदेश अकबराकडे गेला. त्याचा फारसी लेखही याच मशिदीत आहे, तोही मुलांना दाखवला. अकबराच्या माणसांनी आधीचा संस्कृत लेख तसाच राहू दिला, त्यानंतर आलेल्या प्रत्येकानं राहू दिला.

निघताना खादिमांना मुलींनी रावेरहून आणलेली केळी दिली. त्यांनी एक काढून घेतलं आणि बाकीची परत मुलांतच वाटली.

परतीच्या गाडीत मी अण्णांची एक युक्ती सांगितली. शकाच्या आकड्यात १२ मिळवा, ६० नं भागा, बाकी उरेल तितकावा संवत्सर, साठ नावांच्या फेऱ्यातला. १५११ अधिक १२, १५२३. भागून बाकी २३. तेविसावा संवत्सर विरोधी. लेख बरोबर, असा गाडीत एकच गलका झाला. मग ज्यानं त्यानं आपापला जन्मशक घेतला. काही वेळ नुसती कुजबुज आणि वहीची पानं. आणि मग एकामागून एक, "तेवीस, सर." "माझीही बाकी तेवीस." २००९ च्या पाडव्यापासून २०१० च्या पाडव्यापर्यंत शके १९३१ होतं. वर्गातली एकवीस मुलं त्या वर्षातली निघाली. तडवींचा पोरगा २०१० च्या पाडव्यानंतर महिनाभरानं जन्मलेला, त्याची बाकी २४ आली. त्यानं तीनदा भागून पाहिलं.

एकादशीवाली मुलगी खिडकीशी वहीत काही करत होती. रावेरचे दिवे दिसायला लागले तेव्हा तिनं वही माझ्यापुढं धरली. १९३१ उणे १५११, ४२०. भागिले ६०.

"सात फेरे झाले, सर," ती म्हणाली. "सातवा आमचा."