सापडलं म्हणून

मार्गशीर्ष, गुरुवार

जात्रांचे दिवस आले. खाज्यांच्या दुकानांपुढची गर्दी ओसरली की मातीत काहीबाही उरतं. छत्री, चप्पल, एखादी कानातली कुडी. छत्री सापडली तर माणूस ती खांबाला अडकवून पुढे जातो. कुडी सापडली की मात्र "देवीनंच दिली". देवीला यात ओढायचं कारण नाही.

मालक शोधणं वाटतं तेवढं अवघड नसतं. अलीकडच्या दागिन्यावर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, कोरलेला असतो. फिरकीच्या दांड्यावर किंवा मागच्या बाजूला, सोनाराच्या भिंगाखाली दिसतो. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाकला की दागिना कुठल्या सराफानं हॉलमार्क करून घेतला ते कळतं, आणि त्या सराफाकडे बहुधा विक्रीचं बिल असतं. आजीच्या पेटीतल्या जुन्या सोन्यावर हे काही नसतं. तिथे देवस्थान समितीच्या लाउडस्पीकरचाच आधार.

घोषणा करताना "सोन्याची वस्तू मिळाली आहे, खूण सांगून न्यावी" एवढंच सांगावं. लोक चुकतात ते इथेच. वस्तूचा स्वच्छ फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात आणि तासाभरात तिचे तीन मालक उभे राहतात. निदान एक खूण, डाग देऊन जोडलेली जागा म्हणा, निखळलेला खडा म्हणा, आपल्यापाशीच ठेवावी. पोलिसांत जमा केली तर वर्णन आणि वजन लिहिलेली पोच घ्यावी. "एक कुडी" एवढंच लिहिलेल्या पोचेचा पुढे कोणालाच उपयोग नाही.

सापडलेला मोबाइल बंद करू नये, सिम काढू नये. चार्जिंगला लावून ठेवावा. लॉक असला तरी आलेला फोन उचलता येतो.

कायदा याबाबत बराच समंजस आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खालची उदाहरणं जुन्या दंडसंहितेतूनच आली आहेत. रस्त्यावर पडलेला रुपया, कोणाचा ते ठाऊक नाही, उचलला तर गुन्हा नाही. मौल्यवान अंगठी सापडली आणि मालकाचा शोध न घेता लगेच विकली, तर गुन्हा. शिक्षा किमान सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं, शिवाय दंड. उचलणं हा गुन्हा नाही. कोणाची ते कळल्यावर, किंवा कळण्यासारखं असताना, आपली म्हणणं हा गुन्हा.

जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीन चर्चच्या अवशेषांत मिळालेलं हाड आठवतं. जॉर्जियाची राणी केतेवान 1624 मध्ये शिराझला मारली गेली, तिचे अवशेष ऑगस्टिनियन पाद्र्यांनी गोव्यात आणले. चोरून नव्हे, भक्तीनं. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या डीएनए तपासणीनं ते हाड तिचंच असावं याला बळ दिलं. त्यानंतर ते ठेवून घ्यायला "आमच्या मातीत मिळालं" हे कारण अपुरंच पडणार होतं. जुलै 2021 मध्ये अवशेषांचा एक भाग भारत सरकारनं जॉर्जियाला दिला. सगळे नाहीत, आणि ते मला अजून पटलेलं नाही.

खर्चाचं मात्र संकोचून सोडू नये. करार कायद्याचं कलम 168 सांगतं की वस्तू सांभाळायला आणि मालक शोधायला झालेल्या खर्चासाठी, तो खर्च मिळेपर्यंत, वस्तू अडवून ठेवता येते. त्यासाठी दावा मात्र लावता येत नाही. दावा लावता येतो तो मालकानं ठरावीक बक्षीस जाहीर केलं असेल तरच. रिक्षाभाडं आणि फोनचा खर्च सांगून घ्यावा. "बक्षीस देणार असाल तरच देतो" हे बोलणं त्यात बसत नाही.