तुम्ही विचारलंत म्हणून: भट्टीच्या आत न बघता मॉडेल बरोबर कशावरून?

वितळलेल्या सिलिकॉनमधून क्रिस्टल वर ओढतात त्या भट्टीचं कॉम्प्युटर मॉडेल मी बनवतो. प्लांटमधले लोक विचारतात, ट्रेनिंगला आलेली पोरं विचारतात, "आत कुणी बघितलंय का? मग तुमचं मॉडेल बरोबर कशावरून?"

पहिलं म्हणजे कुणीच बघितलं नाही हे खरं नाही. १९८८ साली जपानमध्ये काकिमोतो आणि सहकाऱ्यांनी एक्स-रे लावून वितळलेल्या सिलिकॉनमध्ये सोडलेले कण फिरताना पाहिलेत. क्रुसिबल (सिलिकॉन वितळवायचं भांडं) छोटं होतं, मान्य. आपल्या भट्टीत १४१४ अंशांच्या वरचं शेकडो किलो मेल्ट, म्हणजे वितळलेलं सिलिकॉन, असतं, तिथे ते जमत नाही, तेही मान्य. पण म्हणून आम्ही नुसती रंगीत चित्रं काढतो असं कुणी म्हटलं की मला खरंच राग येतो. उष्णतेचा हिशोब बऱ्यापैकी लागतो, हीटरची पॉवर, रेडिएशन, गोठताना सुटणारी उष्णता, आणि क्रिस्टल उभा कापून इंटरफेसचा, म्हणजे मेल्ट गोठून क्रिस्टल होतो त्या सीमेचा, आकार ताडूनही बघता येतो. ओढण्याचा वेग भागिले इंटरफेसपाशी तापमान किती झपाट्याने उतरतं, यावर क्रिस्टलमध्ये कुठले दोष राहणार ते ठरतं, हे व्होरोन्कोव्ह या शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये मांडलं. आता तो उतार चालू भट्टीत मोजायला कोण जाणार? तो मॉडेलमधूनच येतो.

अडतं ते मेल्टच्या प्रवाहापाशी.

क्रिस्टलमध्ये ऑक्सिजन किती शिरतो ते काढायचं काम होतं. क्वार्ट्झचं क्रुसिबल विरघळत राहतं, त्यातला बहुतेक ऑक्सिजन मेल्टच्या पृष्ठभागावरून सिलिकॉन मोनॉक्साइड होऊन उडून जातो, उरलेला थोडासा क्रिस्टलमध्ये शिरतो. मोजलेल्या आकड्याशी माझं मॉडेल जुळलं, सगळे खूश. मग मी टर्ब्युलन्स मॉडेल (प्रवाहातल्या खळबळीचा हिशोब) बदललं, तापमानाबरोबर पृष्ठताण किती बदलतो त्याचा आकडा छापील पेपर्समधल्या दुसऱ्या टोकाचा घेतला (ते आकडे एकमेकांपासून खूप लांब आहेत), आणि तेही जुळलं. तितकंच छान. प्रवाह मात्र दोन्हीत पार वेगळा.

मीटिंगमध्ये दोन्ही चित्रं ठेवली. म्हटलं, क्रुसिबल फिरवायचा वेग बदलून एक रन द्या, तिथे ही दोघं वेगळं सांगतात, लगेच कळेल. साहेब म्हणाले, "भट्टीचा वेळ फुकट मिळत नाही. रिपोर्टमध्ये एकच चित्र टाक."

"सर, कुठलं?"

"जे आधी जुळलं ते."

माझा आवाज चढला, बाकी कुणी काही बोललं नाही. शेवटी रिपोर्ट एकाच चित्राचा गेला, त्यावरचं माझं नाव मी काढायला लावलं. पुढचे क्रिस्टल स्पेकमध्ये, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत, आले आणि मला सांगण्यात आलं, बघ, मॉडेल बरोबरच होतं. अहो, क्रुसिबलचा वेग तोच ठेवल्यावर दुसऱ्या मॉडेलनेही तोच आकडा दिला असता ना!

आकडा जुळला की झालं, असं आधी मीच मानायचो. तेव्हाच्या माझ्याशी अजून भांडण चालतं. तो म्हणतो, तुझ्या शंकांवर हीट शील्डचं डिझाइन होत नाही, कुठलंतरी एक मॉडेल धरून पुढे जावंच लागतं. यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. पण दुसरं चित्र लपवायचं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

त्या दोनपैकी खरं कुठलं ते अजून ठरलेलं नाही. दोन्ही केसेसच्या फाइल्स मी जपून ठेवल्यात, ती रन कुणी दिली तर उद्या येतो.