तंबोऱ्याला चहा

दुपारी मेथी निवडत बसले होते. फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवलेला आणि त्यावर अमेरिकन जॅझवाल्या जॉन कर्बीच्या सेक्स्टेटचं, म्हणजे सहा जणांच्या बँडचं, १९३८ सालचं 'अनडिसायडेड'. म्हणजे आपलं तळ्यात-मळ्यात. चार्ली शेव्हर्सचा ट्रंपेट तोंडावर हात धरल्यासारखा कुजबुजत होता. धून त्याचीच. बस्टर बेलीचं क्लॅरिनेट, बिली काइलचा पियानो, सगळे हजर. नव्हता तो कर्बी. तो वाजवायचा डबल बेस आणि फोनच्या चिमुकल्या स्पीकरला खर्ज पेलत नाही. बँड ज्याच्या नावाचा, तोच गायब!

आजोळी गुरुवारी बैठक व्हायची. मामा गायचे आणि मागे एक काका डोळे मिटून तंबोरा छेडायचे. चहाचा ट्रे नेमका त्यांना ओलांडून पुढे जायचा. मग आजी माजघरातून ओरडायची, "अगं, तंबोऱ्याला चहा दे!" माणसाचं नाव काय होतं, मला आजही सांगता येणार नाही. एका गुरुवारी ते आले नाहीत. मामांनी दोन आलाप घेतले, घसा खाकरला आणि उठून सुपारी कातरत बसले.

कर्बीला निदान पाटीवर नाव मिळालं. १९३७ पासून न्यूयॉर्कच्या ५२व्या रस्त्यावर, ओनिक्स क्लबात. चौदा-पंधरा जणांचे बँड छप्पर उडवत होते तेव्हा हे सहा जण हलक्या हाताने ग्रीग न् शूबर्टसारख्या युरोपातल्या शास्त्रीय संगीतकारांना स्विंगवर, म्हणजे जॅझच्या ठेक्यावर, झुलवायचे. मला मोठ्याने वाजणारं काहीच सोसत नाही, लग्नातला बँड तर नाहीच, त्यामुळे माझा कौल ठरलेला. १९४० मध्ये बायको मॅक्सिन सुलिव्हन हिच्यासोबत त्याचा रेडिओ कार्यक्रम देशभर ऐकू जायचा. काळ्या कलावंतांना तेव्हा असं काही मिळणं म्हणजे अप्रूपच.

मग युद्ध आलं. काइल लष्करात गेला. ड्रमर ओनील स्पेन्सर १९४४ साली क्षयाने गेला. मोट सुटली ती सुटलीच. डिसेंबर १९५० मध्ये जुने गडी जमवून कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रम केला, तर खुर्च्या रिकाम्या. १९५२ मध्ये कर्बी वारला. वय ४३.

हात पुसले, लेकीचे हेडफोन शोधून आणले, तेच गाणं पुन्हा लावलं. आला. ढुम्, ढुम्, ढुम्, ढुम्. घाई नाही, गडबड नाही, सगळ्यांच्या पायाखालून चाललेला.

मेथी राहिलीच. रात्री पिठलं टाकलं.